तीन महिन्यांची वही

गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात एक कागद असतो. पातळ, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत छापलेला, आणि इतक्या घड्या घातलेला की एकदा उलगडल्यावर पुन्हा त्या घडीत बसत नाही. माझ्या पहिल्या पाकिटातला कागद मी न वाचताच टाकून दिला होता. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, २१ दिवस. मग सात दिवस सुट्टी. डॉक्टर म्हणाले होते, "पहिले दोन-तीन महिने थोडा त्रास होईल, मग अंगवळणी पडेल." तेवढं मला पुरेसं वाटलं. मूल आत्ता नको हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. इतक्या बायकांना जे जमतं ते मलाही जमेल, असं मी धरून चालले होते.

चौथ्या दिवशी मळमळ सुरू झाली. सकाळी ब्रश तोंडात घातला की पोटातून ढवळून यायचं. छाती इतकी हुळहुळी झाली होती की जिना उतरताना मी नकळत हाताची घडी घालायची, आणि रात्री कुशीवर वळायचं तर जपून वळायचं. यातलं काही कुणाला सांगण्यासारखं वाटत नव्हतं. थोडा त्रास होणार हे कळलेलंच होतं, आणि हा तो थोडा त्रास असणार.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री उलटी झाली. गोळी घेऊन दोन तास झाले होते. मी न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले आणि एकच प्रश्न डोक्यात फिरायला लागला: गोळी अंगात गेली की उलटीबरोबर पडली? आता दुसरी घ्यायची की नाही? घेतली तर जास्त होईल का? न घेतली तर? रात्रीचा एक वाजला होता, विचारायला कुणी नव्हतं. मग आठवला तो कागद. कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढला, पुसला, गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केला. एका कोपऱ्याला ओला डाग पडला होता, पण वाचता येत होतं. गोळी घेतल्यापासून तीन-चार तासांच्या आत उलटी झाली तर गोळी चुकल्यासारखीच धरावी आणि लवकरात लवकर दुसरी घ्यावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी दुसरी घेतली. नंतर झोप लागेना म्हणून तिथेच बसून अख्खा कागद वाचला. मळमळ, स्तन दुखणं, डोकं दुखणं, मधेच डाग लागणं, मूड बदलणं, सगळं एकाखाली एक. माझे पंधरा दिवस कुणीतरी आधीच लिहून ठेवले होते.

मळमळीवर उपाय निघाला. गोळी रात्री जेवणानंतर लगेच घ्यायला लागले, म्हणजे त्रासाचे तास झोपेत जायचे. पहिलं पाकीट संपेपर्यंत ती बरीच ओसरली, छातीचं दुखणंही दुसऱ्या पाकिटात कमी झालं. "तीन महिने थांबा" हा सल्ला खोटा नाही, हे मला इथेच सांगून टाकायचंय. मळमळ, डाग लागणं, हलकी डोकेदुखी यांतलं पुष्कळसं पहिल्या दोन-तीन पाकिटांत निवळतं. शरीराला नव्या हॉर्मोनच्या पातळीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. माझा आक्षेप थांबण्याला नाही. थांबायचं कशासाठी आणि कशासाठी एक दिवसही थांबायचं नाही, हे कुणी सांगत नाही, त्याला आहे.

दुसऱ्या महिन्यात जे सुरू झालं त्याला नाव देणं मला जमत नव्हतं. रडू येत नव्हतं. कशाचं दुःख होतं असंही नाही. गोष्टींमधली चव गेली होती. एका दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. हातात एक मोजा होता, त्याचा जोडीदार समोर ढिगात दिसत होता, आणि तो उचलायचे कष्ट मला नको झाले होते. किती वेळ तशी बसले कुणास ठाऊक. नवरा आला, शेजारी बसला, त्यानं तो मोजा काढून माझ्या हातातल्या मोज्यात घातला आणि विचारलं, "हे कधीपासून आहे?" मला सांगता येईना. तो म्हणाला, "मला वाटतं, गोळी सुरू झाल्यापासून."

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना हे सांगितलं. कसंबसं, अडखळत. ते ऐकून घेत होते पण लिहून घेत नव्हते. मळमळ लिहिली, डोकेदुखी लिहिली, याला मात्र पेन थांबलं. "गोळीनं असं होत नसतं. मन कशात तरी गुंतवा." मी मान हलवली. बाहेर आले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटत होती, जणू काही खोटं बोलून पकडली गेले होते.

घरी येऊन तो डाग पडलेला कागद पुन्हा उघडला. मूड बदलणं, नैराश्य: हे शब्द त्यात होते. छापलेले होते.

मग मी वाचायला लागले. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही हॉर्मोन असलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये नैराश्याची औषधं पहिल्यांदाच सुरू करावी लागण्याचं प्रमाण, हॉर्मोन न घेणाऱ्यांच्या साधारण सव्वापट दिसलं. कोवळ्या वयाच्या मुलींमध्ये त्याहून जास्त. अशा नोंदींच्या अभ्यासातून गोळीमुळेच हे झालं असं सिद्ध होत नाही, हे खरं. बहुतेक बायकांना मनाचा काही त्रास होत नाही, हेही खरं. पण "असं होत नसतं" असं छातीठोकपणे सांगण्यासारखीही परिस्थिती नाही. मला तेवढंच हवं होतं. माझं कारण गोळीच आहे असं कुणी मान्य करावं, एवढी माझी मागणी नव्हती. तपासून बघू, इतकं जरी कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

वाचता वाचता मी खूप मागे गेले. १९५६ साली अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटावर गोळीची पहिली मोठी चाचणी सुरू झाली. ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक हे तिच्यामागचे शास्त्रज्ञ. तिथलं काम पाहणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की गोळी गर्भधारणा थांबवते यात शंका नाही, पण दुष्परिणाम इतके आहेत की ती सरसकट देण्याजोगी नाही. १७ टक्के बायकांनी मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी अशा तक्रारी केल्या होत्या. पिंकस यांचं म्हणणं पडलं की यातलं बरंचसं मानसिक आहे. १९६० मध्ये अमेरिकेत एनोविड ही गोळी गर्भनिरोधनासाठी मंजूर झाली. तिच्या एका गोळीत जवळजवळ १० मिलिग्रॅम प्रोजेस्टोजेन आणि १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आजच्या बहुतेक गोळ्यांत इस्ट्रोजेन २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे ज्या बायकांची तक्रार मनाचे खेळ म्हणून बाजूला सारली गेली, त्या आजच्या कितीतरी पट मात्रा रोज गिळत होत्या. हे वाचून मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्या बायकांची नावं मला माहीत नाहीत. पण त्यांना मळमळ झाली होती, खरीखुरी झाली होती, आणि त्यांनी ती सांगितली होती.

आणि तो घडीचा कागद? तोही आपोआप आलेला नाही. १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली. साक्षी द्यायला तज्ज्ञ बोलावले होते, गोळी घेणाऱ्या बायका नव्हत्या. प्रेक्षकांत बसलेल्या तरुणी उठून उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, ज्या हे औषध घेतात त्यांना का बोलावलं नाही? धोके आम्हाला का सांगितले नाहीत? त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालणं तिथे बंधनकारक झालं. त्या रात्री मी जो कागद कचऱ्यातून काढून गुडघ्यावर सपाट केला, तो असा भांडून मिळवलेला होता. मी तो आता वहीत ठेवलाय, डागासकट.

वहीची कल्पना नवऱ्याची. "तू आठवून सांगायला जातेस म्हणून अडखळतेस. लिहून ने." रोज दोन ओळी. तारीख, पाकिटातली कितवी गोळी, काय झालं, किती वेळ टिकलं, झोप किती झाली. विशेषणं लिहायची नाहीत असं मी ठरवलं. "आज फार वाईट गेला" असं लिहिलं तर महिन्यानं त्यातून काही कळत नाही. "दुपारी दोन ते पाच अंथरुणात, फोन उचलला नाही" यातून कळतं. काही दिवस माझ्या ऐवजी त्यानं लिहिलं. त्याच्या अक्षरातली एक नोंद अशी आहे: "गोळी १६. जेवताना बोलली नाही. मी विचारल्यावर म्हणाली, काही नाही." ती वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं.

वहीत तीन पाकिटांच्या नोंदी झाल्यावर मी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरबाईंनी वही मागून घेतली आणि वाचली. एक एक पान उलटत, मधे बोट ठेवून, "सुट्टीच्या सात दिवसांत तुम्हाला बरं वाटतं, दिसलं का तुम्हाला?" मला दिसलं नव्हतं. लिहिणारी मीच, पण ते तिन्ही वेळा तसं होत होतं हे त्यांना दिसलं. मग त्यांनी रक्तदाब घेतला. घरात कुणाच्या पायात, फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, धूम्रपान करता का, मिरगीची किंवा क्षयाची औषधं चालू आहेत का, असं सगळं विचारलं. क्षयावरचं रिफॅम्पिसिन आणि मिरगीची काही औषधं गोळीचा असर कमी करतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. अर्धशिशी आहे का, हेही विचारलं. डोकं दुखतं कधीकधी, मी म्हटलं. "दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं?" नाही, मी म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

"गोळी" हा शब्द आपण एकवचनात वापरतो आणि तिथेच फसतो, असं मला त्या दिवसापासून वाटतं. पाकिटं वेगळी, रंग वेगळे, पण आत काय आहे ते बघावं लागतं. इस्ट्रोजेन किती मायक्रोग्रॅम आणि प्रोजेस्टोजेन कोणतं. इस्ट्रोजेन बहुतेकींत एकच असतं, एथिनिलइस्ट्रॅडिऑल. प्रोजेस्टोजेनमध्ये मात्र बरीच भावंडं आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. माझ्या पहिल्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल होतं. ते जुनं, भरपूर अभ्यास झालेलं, आणि त्याच्याबरोबर गुठळ्यांचा धोका तुलनेनं कमी. ड्रॉस्पायरेनोन हे रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनच्या नात्यातलं. ते अंगात पाणी कमी साठू देतं, चेहऱ्यावरच्या मुरमांना काही जणींत बरं पडतं. पण त्याच्याबरोबर गुठळ्यांचा धोका थोडा जास्त. युरोपात औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या युरोपियन मेडिसिन्स एजन्सीनं २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात आकडे दिलेत. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते; लेव्होनॉरजेस्ट्रेलची मिश्र, म्हणजे दोन्ही हॉर्मोनची, गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना, ड्रॉस्पायरेनोनच्या गोळीत नऊ ते बारा जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो. डॉक्टरबाईंनी हे आकडे मला घाबरवायला सांगितले नाहीत आणि झाकूनही ठेवले नाहीत. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखली. छातीत दुखलं, दम लागला. एकाएकी भयंकर डोकं दुखलं, दिसेनासं झालं, तर थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली, जी मला सगळ्यात उपयोगी वाटते. त्रास झाला की महिनाभर गोळी सोडायची, बरं वाटलं की पुन्हा धरायची, असं करू नका. गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो, आणि चार आठवडे किंवा जास्त खंड पडून पुन्हा सुरुवात केली की तो पुन्हा वाढतो. मी अगदी तेच करायच्या बेतात होते. शरीराला विश्रांती द्यावी, असं माझ्या मनात होतं. बदलायची तर एक गोळी संपवून दुसरी लगोलग, सांगतील तशी.

ड्रॉस्पायरेनोनची, २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनवाली गोळी सुरू झाली. हिच्यात २४ गोळ्या औषधाच्या, चार नुसत्या. आठव्या-दहाव्या दिवसापासून मनावरचा पडदा हळूहळू सरकला. एका सकाळी पावसाचा आवाज ऐकून मी उगाचच उठून दार उघडलं, आणि मागून नवरा म्हणाला, "आलीस?" वहीत त्या दिवशी मी ठरवलेला नियम मोडला आणि "छान" असा शब्द लिहिला.

डाग मात्र लागायला लागले. इस्ट्रोजेन कमी असलं की गर्भाशयाचं आतलं अस्तर नीट धरून राहत नाही, मधेच थोडं थोडं अंगावरून जातं. धोक्याचं नव्हतं, पण रोज सकाळी कपडे तपासणं, बॅगेत पॅड बाळगणं आणि दर वेळी "मी एखादी गोळी विसरले का?" ही शंका, याचा कंटाळा येतो. तिसऱ्या पाकिटात ते थांबलं. मी सुटकेचा श्वास सोडला.

या गोळीच्या पाचव्या महिन्यात एका दुपारी वाचत बसले होते. ओळीतला एक शब्द दिसेना. त्याच्या जागी एक चकाकता ठिपका, बघता बघता तो वाढला, त्याची नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी कड झाली, झगमगत डोळ्याच्या कडेला सरकत गेली. डोळे मिटले तरी दिसत होती. वीस-पंचवीस मिनिटांनी गेली आणि मग एका बाजूचं डोकं ठणकायला लागलं. मला दवाखान्यातला तो प्रश्न आठवला. फोन केला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "आजची गोळी घेऊ नका, आत्ता इकडे या." असं तेज दिसून येणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनची कुठलीच गोळी घ्यायची नसते, कारण मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. माझी दुसरी गोळी, मला मनापासून मानवलेली, त्या दुपारी संपली. परत येताना मी खूप रडले. त्या रडण्याला कारण होतं आणि ते मला माहीत होतं, एवढं मात्र बरं वाटलं.

त्या आठवड्यात आम्ही कंडोम वापरत होतो आणि नवरा अस्वस्थ होता. "हे सगळं तुझ्याच अंगावर का?" असं तो पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाला. पुरुषांसाठी हॉर्मोनच्या इंजेक्शनची एक चाचणी झाली होती, ३२० पुरुषांवर. गर्भधारणा बऱ्यापैकी थांबत होती, पण मूड बिघडणं, नैराश्य, मुरमं अशा तक्रारी आल्या आणि २०११ मध्ये सुरक्षितता पाहणाऱ्या समितीनं नवे डोस थांबवले. यावरून पुरुषांना त्रास सोसत नाही, असं पुष्कळ ठिकाणी म्हटलं गेलं. ते मला पटत नाही; त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त पुरुषांची ती पद्धत पुढे वापरायची तयारी होती. मला त्यात वेगळंच दिसतं. कुणीतरी सांगितलं, मन खचतंय, आणि ऐकणाऱ्यांनी ते लिहून घेतलं, मोजलं, त्यावरून निर्णय घेतला. असंच व्हायला हवं. १९५६ मध्येही असंच व्हायला हवं होतं.

आता मी नुसत्या प्रोजेस्टोजेनच्या गोळीवर आहे. डेसोजेस्ट्रेल, ७५ मायक्रोग्रॅम. सुट्टी नाही, रोज एक. बारा तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर गोळी चुकली असं धरायचं. पाळीचं वेळापत्रक हिनं पार मोडून टाकलंय. कधी दहा दिवस थेंब थेंब, कधी दोन महिने काहीच नाही. पहिल्यांदा पाळी आली नाही तेव्हा मी तीन वेळा चाचणी केली. मन ठीक आहे. पहिले तीन महिने त्याची धास्ती होती, कारण नुसत्या प्रोजेस्टोजेनच्या गोळीतही मूड जाऊ शकतो आणि मला ते ठाऊक होतं. ती नागमोडी चमक नंतर एकदाच दिसली. वहीतल्या नोंदी आखूड होत गेल्यात, कधी नुसती तारीख आणि गोळीचा क्रमांक.

परवा रात्री मावसबहिणीचा फोन आला. तिला गोळी सुरू होऊन बारा दिवस झालेत. "ताई, मला उलट्या होतात. सगळे म्हणतात सवय होईल. मी उगाच बाऊ करतेय का गं?"

मी उठून बसले, दिवा लावला.

"गोळी घेतल्यावर किती वेळानं उलटी होते?" मी विचारलं.

ती क्षणभर गप्प राहिली. "थांब," म्हणाली, "आठवून सांगते."